कागद दाखवा, मग कुलूप

जिन्यात शेजारी जमलेत, दाराशी चार पोलीस उभे आहेत, आत कोण आहे कुणाला ठाऊक नाही, आणि सगळ्यांच्या मधोमध एक पन्नाशीची बाई शांतपणे चष्मा पुसते आहे. आधी डावी काच, मग उजवी. चष्मा नाकावर चढवून झाला की ती साहेबांपुढे हात पसरते आणि म्हणते, "कागद द्या."

ही किल्लीमावशी. या भागातलं कुठलंही बंद दार उघडायचं असलं की ठाण्यातून तिलाच बोलावणं यायचं. दार फोडलं तर साहेबांना वरपर्यंत उत्तरं देत बसावं लागतं, आणि मावशीने उघडलं तर दारालाही पत्ता लागत नाही. दोन वाकवलेल्या तारा, एक चपटी पट्टी, बोटाएवढी कानस आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड भरलेली जुनी डबी, एवढ्या सामानावर तिने तीस वर्षं काढली होती. कुलपात तेल घालणाऱ्या माणसाशी ती आठवडाभर बोलायची नाही. तेलाने कचरा चिकटतो, शिशाच्या पुडीने कुलूप मोकळं राहतं, हे तिने अख्ख्या भागाला घोकून घोकून शिकवलं होतं.

कागद म्हणजे झडतीचं वॉरंट. तो हातात आला की मावशी तो मोठ्याने वाचायची. मनातल्या मनात नव्हे, खणखणीत आवाजात, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असा. घर कुणाचं, कितव्या मजल्यावरचं, शोधायचं काय, कुठल्या खोलीत, सही कुठल्या न्यायाधीशांची. शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळे अवघड जोडाक्षर आलं की ती थांबायची, त्याच्याकडे रागाने बघायची आणि मगच पुढे जायची. साहेबलोक घड्याळाकडे बघत पाय आपटायचे. एकदा एकाने विचारलंही, "अहो मावशी, हे सगळं आम्हाला माहीत आहे. वाचून कुणाला दाखवताय?"

"तुम्हाला माहीत आहे हो," मावशी म्हणाली. "पण ज्याच्या घरात शिरताय त्याला नको कळायला?"

ही खोड तिच्या वडिलांची. ते दहा वर्षांचे असताना त्यांच्या घरात पोलीस घुसले होते. तेव्हा कागदबिगद काही लागत नसे. गाद्या फाडल्या, आजीची पेटी रस्त्यावर उपडी केली, तिची आतली लुगडी अख्ख्या गल्लीने पाहिली. सापडलं काहीच नाही. जाताना कुणी 'चुकलं' असा शब्दही काढला नाही. पुढे देशाला राज्यघटना मिळाली, आणि तोवर कुलपांच्या धंद्यात पडलेल्या बाबांनी त्यातलं एक कलम रंगाऱ्याकडून पत्र्यावर लिहून घेतलं. 'कायदेशीर लेखी हुकुमाशिवाय कोणाच्याही घरात शिरता येणार नाही.' रंगाऱ्याने सुरुवातीला एवढी ऐसपैस अक्षरं काढली की शेवटी जागाच उरली नाही, आणि 'नाही' हा शब्द पत्र्याच्या कडेला मुंगीएवढा झाला. तो पुन्हा रंगवून देतो म्हणत होता. बाबा म्हणाले, "राहू दे. जवळ जाऊन वाचतील लोक." त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कागद दाखवा, मग कुलूप.'

तो पत्रा अजून दुकानात किल्लीच्या मशीनवर टांगलेला होता. दुकान म्हणजे तरी काय, एका खोलीचे दोन भाग. डाव्या बाजूला मावशीच्या किल्ल्या, उजव्या बाजूला तिच्या नवऱ्याची घड्याळं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बोलायचा कमी आणि तेही डोळ्याला भिंग लावूनच. सबंध दिवसात तो दहा वाक्यं बोलला तर मावशी संध्याकाळी विचारायची, "अहो, आज काय भाषण आहे की काय?"

बाबांच्या नियमाला एकच अपवाद होता. जीव अडकला असेल तर कागद विचारायचा नाही, पळायचं. न्हाणीघरात कडी लावून बसलेली पोरं, शेगडी पेटती ठेवून बाहेर अडकलेली माणसं, आत चक्कर येऊन पडलेले म्हातारे. अशा वेळी मावशी पदर खोचून धावायची, आणि तिथे तिचा हात बघण्यासारखा चालायचा. साधं लॅच चाळीस सेकंद. जुनं, जाडजूड असलं तर मिनिट-सव्वा मिनिट. हे सेकंद तिला तोंडपाठ असायचे. आता खरं सांगायचं तर, या सेकंदांची तिला जरा घमेंडच होती. आणि का नसावी? ज्याच्या हातात कसब आहे त्याने ते मिरवलं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण त्या घमेंडीनेच तिला एकदा तोंडघशी पाडलं.

एका गुरुवारी दुपारी जुने हवालदार धापा टाकत दुकानात आले. ठाण्यात वीस वर्षं काढलेला, पोट सुटलेला, सरळ माणूस. मावशीने त्यांना याआधी पळताना कधी पाहिलंच नव्हतं.

"मावशी, लवकर! नर्सबाईंची आई आत पडलीय. दार ठोकून ठोकून साहेब दमले, आतून हूं की चूं नाही."

मावशीने पेटी उचलली ती चप्पल घालायलाही थांबली नाही. नर्सबाई चार इमारती सोडून राहायच्या. तिसरा मजला, तपकिरी दार, वर जुनं जाडजूड लॅच. दाराशी ठाण्यात नुकतेच बदलून आलेले नवे साहेब आणि दोन शिपाई. मावशीने मनगटावरचं घड्याळ एकदा पाहिलं, डबीतली पूड फुंकरीने कुलपात सोडली, डोळे मिटले आणि हात चालू केला. दार उघडलं तेव्हा तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर पुन्हा घड्याळ पाहिलं. बावन्न सेकंद! त्या जातीच्या कुलपाला आजवर तिला साठच्या खाली येता आलं नव्हतं.

ती आत पाऊल टाकणार, तोच नव्या साहेबांनी दारात हात आडवा धरला. "बास मावशी. पुढचं आम्ही बघतो. हवालदार, तुम्ही पण खाली जा, जिना मोकळा ठेवा."

दोघं खाली उतरले. मावशी हवालदारांना सेकंद सांगत होती. संध्याकाळपर्यंत तिने ते वाण्याला सांगितले, इस्त्रीवाल्याला सांगितले आणि नवऱ्याला तर तीनदा. नवऱ्याने भिंगातून मान वर केली आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हातारी कशी आहे?"

"असेल बरी," मावशी म्हणाली, आणि मग तिला जाणवलं की आपण ते विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पुन्हा बोलावणं आलं. तेच दार. या वेळी पोलीस जास्त होते, दोन शेजारी साक्षीदार म्हणून उभे केले होते, आणि साहेबांच्या हातात रीतसर कागद होता. घरात कुणी नाही, नर्सबाई इस्पितळात कामावर आहेत, असं तिला सांगण्यात आलं. मावशीने चष्मा पुसला. आधी डावी काच, मग उजवी. आणि वाचायला सुरुवात केली.

इस्पितळातून वेदनाशामक इंजेक्शनं नाहीशी होत होती. संशय नर्सबाईंवर होता. न्यायाधीशांची सही त्याच दिवशी सकाळी साडेदहाची. इथवर सगळं ठीक. मग मावशी पुढच्या ओळीवर आली.

"मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, विणकामाच्या पिशवीमागे ठेवलेली, झाकणाला तडा गेलेली निळी पेटी..."

मावशीचा आवाज उतरला. तीस वर्षांत तिने शेकड्यांनी कागद वाचले होते. 'घरातील कपाटे' असं असायचं, 'चोरीचा माल' असं असायचं. झाकणाचा तडा कुणी लिहिला नव्हता. तडा लिहायचा तर तो आधी कुणीतरी पाहायला हवा.

"ती माझी विणकामाची पिशवी आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्हाला काय माहीत ती कुठे आहे ते?"

जिन्याच्या वळणावर नर्सबाईंची आई उभी होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात घराची किल्ली. तीन मजले चढूनही दम लागलेला नाही.

मावशीच्या तोंडून कसंबसं निघालं, "आजी, तुम्ही बऱ्या आहात ना आता?"

"मला काय धाड भरलीय?"

"काल तुम्ही आत पडला होता..."

"काल मी दिवसभर माझ्या भावाकडे होते," आजी म्हणाल्या. "काल इथे कोण आलं होतं?"

जुने हवालदार भिंतीकडे बघायला लागले. मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात तिला स्वतःचीच शरम दिसली. नुसत्या संशयावर न्यायाधीश सही करत नाहीत, म्हणून साहेबांनी आधी घर चोरून पाहिलं. काय कुठे आहे ते बघून ठेवलं आणि मग तेवढंच नेमकं कागदावर मागून आणलं. कागद खरा होता, सही खरी होती. आणि तो कागद ज्या दारातून जन्माला आला ते दार तिने उघडून दिलं होतं. बावन्न सेकंदांत.

तिने तारा पेटीत ठेवल्या. "किल्ली मालकिणीच्या हातात आहे," ती म्हणाली. "माझं काम नाही इथे."

आजींनी दार उघडलं. कागद समोर असताना त्या तरी काय करणार? पेटी मिळाली, पेटीत इंजेक्शनंही मिळाली. दुपारी नर्सबाईंना कामावरून थेट ठाण्यात नेलं. जिन्यात मावशीने नव्या साहेबांना गाठलं.

"साहेब, काल मी हे दार..."

"काल काय?" साहेब हसून म्हणाले. "काल तुम्ही इथे नव्हता मावशी. कालची ठाण्यात नोंदच नाही."

दुकानात येऊन ती स्टुलावर बसली ती तासभर उठली नाही. नवऱ्याने एक घड्याळ उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. शेवटी भिंग काढून ठेवलं. तो भिंग काढून बोलतो म्हणजे प्रकरण गंभीर.

"कोर्टात सांगितलंस तर तीस वर्षांचं नाव जाईल," तो म्हणाला. "लोक म्हणतील, हिच्या पत्र्यावर एक आणि हातात दुसरंच."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पत्रा उतरवून ठेवू. मला तो रोज बघवणार नाही."

पत्र्यासमोर बसून त्याने सांगितलं ते खरं होतं, आणि मावशीला ते लागलं. नवऱ्याने पुन्हा भिंग चढवलं. तिच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण या माणसाचा इतका अभिमान तिला याआधी कधी वाटला नव्हता. ती उठली, चप्पल घातली आणि नर्सबाईंच्या वकीलबाईंकडे गेली.

बातमी ठाण्यात पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीला 'जरा बोलायचंय' म्हणून बोलावलं. चौकशीची खोली तिच्या ओळखीची होती. टेबल, तीन खुर्च्या, उंचावर एक खिडकी. भिंतीवर आरोपीच्या हक्कांचा छापील तक्ता लावायचा असतो, तो होता, पण त्यावर कुणाचा तरी रेनकोट टांगलेला होता. मावशीने बसायच्या आधी तो रेनकोट काढला, नीट घडी घालून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मग खुर्चीत बसली.

नवे साहेब गोड बोलायला लागले. ठाण्याशी इतक्या वर्षांचे संबंध. गैरसमज होतात. मग जरा कमी गोड. कागदाशिवाय परक्याचं दार उघडणं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? उद्या तुमच्यावरच प्रकरण शेकलं तर? दुकानाचा परवाना आहे, तो राहायला हवा ना? मावशीने तक्त्याकडे पाहिलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या, एका जोडाक्षरापाशी थांबून पुढे गेली, आणि मग म्हणाली,

"साहेब, एक सांगा. मी आरोपी आहे की साक्षीदार?"

"म्हणजे?"

"आरोपी असेन तर वकील येईपर्यंत मी गप्प बसते, तिथे लिहिलंय तसं. साक्षीदार असेन तर जे बोलायचं ते कोर्टात बोलते. आणि दोन्ही नसेन, तर घरी जाते. कुकर लावायचाय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "दार बंद आहे मावशी."

"बंद आहे, पण त्याचं कुलूप आतून उघडतं," मावशी उठत म्हणाली. "मीच बसवलंय हे. आधीच्या साहेबांनी विचारलं होतं, आतून उघडणारं कशाला? म्हटलं, ज्याला अटक नाही त्याला जाता यायला हवं."

तिने मूठ फिरवली आणि ती बाहेर पडली. बाहेरच्या बाकावर जुने हवालदार बसले होते. तिला पाहून त्यांनी मान खाली घातली. मावशी तशीच पुढे गेली. रस्त्याच्या कोपऱ्यावर आल्यावर मात्र तिला दिव्याच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं.

कोर्टात ती साक्षीला उभी राहिली तेव्हा भागातली अर्धी माणसं मागच्या बाकांवर येऊन बसली होती. वाणी होता, इस्त्रीवाला होता. ज्यांना तिने बावन्न सेकंद सांगितले होते ते सगळे. नर्सबाई पुढे बसल्या होत्या. मान ताठ, डोळे सुजलेले. त्यांच्या शेजारी आजी.

वकीलबाईंनी विचारलं, मावशीने सांगितलं. गुरुवार, दुपारचे सव्वातीन, तपकिरी दार, आडवा हात. मग सरकारी वकील उठले. हुशार माणूस. त्यांनी पत्र्याचीच चौकशी केली होती.

"तुमच्या दुकानात एक पाटी आहे. काय लिहिलंय तिच्यावर?"

मावशीने पाठ म्हणून दाखवलं.

"आणि तुम्ही कागद न बघता दार उघडलंत, असं तुमचं म्हणणं. म्हणजे तीस वर्षं जो नियम सांगत फिरलात तो तुम्हीच मोडलात?"

हाच तो प्रश्न होता, आणि याच्याच भीतीने तीन आठवडे तिची अन्नावरची वासना उडाली होती. 'जीव अडकला होता, मला फसवलं' असं ती म्हणू शकली असती. ते खरंही होतं.

"मोडला," मावशी म्हणाली. "जीव अडकलाय म्हणाले, मी धावले. त्यात चूक नाही. पण दार उघडल्यावर मी माणूस बघायला हवा होता. मी घड्याळ बघितलं. माझे सेकंद मोजले. तेवढ्यात त्यांनी हात आडवा धरला. चूक तिथे झाली, आणि ती माझी आहे."

"वेळेबद्दल मात्र तुम्ही ठाम आहात. सव्वातीन. कशावरून?"

"नवऱ्याच्या दुकानात सत्तावीस घड्याळं आहेत."

"सगळी एकच वेळ दाखवतात?"

"छे, ती दुरुस्तीला आलेली असतात," मावशी म्हणाली. "पण नवरा एकच आहे, आणि तो बरोबर असतो."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशही चष्मा सारखा करायच्या निमित्ताने खाली बघायला लागले. सरकारी वकिलांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी शेवटचा घाव घातला. ठाण्यात या भेटीची नोंद नाही, एकाही पोलिसाने ती पाहिलेली नाही, म्हणजे राहिला तो फक्त या बाईंचा शब्द.

तेव्हा मागे एक बाक कुरकुरला. जुने हवालदार उभे राहिले होते. गणवेशात, घामाने डबडबलेले.

"साहेब, बोलवायला मीच गेलो होतो," ते म्हणाले. "म्हातारी पडलीय असं मला सांगितलं होतं. मला ते खरं वाटलं. माझी साक्ष घ्या."

घेतली. त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर होती. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. वीस वर्षं ज्याच्याबरोबर ती दारं उघडत आली तो माणूस खोटा निघाला नाही, याचा आनंद तिला कोर्टातल्या कुठल्याही निकालाहून मोठा वाटला.

निकाल दोन दिवसांनी आला. घटनेने दिलेलं संरक्षण कागदाच्या तुकड्याने पूर्ण होत नाही, तो कागद कसा मिळवला हेही बघावं लागतं, असं न्यायाधीशांनी लिहिलं. चोरून पाहिलं आणि मग परवानगी मागितली, म्हणून पेटीचा पुरावा बाद. दुसरा पुरावा नव्हता. नर्सबाई सुटल्या. नव्या साहेबांची चौकशी करण्याचा आदेश निघाला.

आता नर्सबाईंनी इंजेक्शनं घेतली होती की कुणी त्यांच्या पेटीत ठेवली होती, हे मावशीला आजही माहीत नाही. वाण्याने तिला तोंडावर विचारलं, "मावशी, चोर असेल तर? तुम्ही चोर सोडवलात!" मावशीने त्याला त्याच्याच दुकानात उभं राहून सांगितलं, "ती चोर आहे की नाही ते मला ठाऊक नाही. मला फक्त दाराचं ठाऊक आहे. उद्या तुझं दार असंच उघडलं तर चालेल? तुझ्या कपाटात काय आहे ते मला नाही बघायचं, पण सगळ्यांना दिसेल." वाणी पाठ फिरवून तराजू पुसायला लागला. त्याच्या कपाटात काय होतं कोण जाणे.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर आजी भेटल्या होत्या. मावशीला वाटलं, चार बरे शब्द बोलतील. आजी तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घराचं दार तू उघडलंस."

"हो. मीच."

"माझ्या कपाटात त्यांनी हात घातले. अजून मला तिथली साडी नेसवत नाही."

मावशीने मान खाली घातली नाही. समोर बघून ऐकून घेतलं. मग आजींनी मावशीचा दंड धरला आणि त्या पायऱ्या उतरल्या. गुडघे दुखत होते म्हणून धरला असेल. पण उतरून झाल्यावरही रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

दुकानात आल्यावर मावशीने रंगाऱ्याला बोलावलं. जुना रंगारी केव्हाच गेला, त्याचा मुलगा आला. बाबांच्या ओळीखाली तिने आणखी एक ओळ लिहून घेतली. 'जीव अडकला असेल तर कागद नको. पण आत पहिली मी जाणार.' मुलाने वडिलांचंच वळण गिरवलं होतं, त्यामुळे 'जाणार' पार कडेला जाऊन चेपला गेला. नवरा भिंगातून बघून म्हणाला, "घराण्याची परंपरा." त्या दिवसातलं ते त्याचं अकरावं वाक्य होतं.

ठाण्याचं बोलावणं येईनासं झालं. महिना गेला, तीन गेले. मावशी किल्ल्या घासत होती, पेट्यांना कड्या लावत होती, आणि विचारलं तर म्हणायची की मला काय, उलट आराम. पण रस्त्यावरून बूट वाजले की तिचा हात पेटीवर जायचा. नवऱ्याला ते दिसायचं.

आणि एका सकाळी दहाच्या सुमाराला जुने हवालदार पुन्हा पळत आले. निवृत्तीला आठवडा राहिला होता.

"मावशी, मागच्या गल्लीत. मास्तर एकटे असतात, तीन दिवस दिसले नाहीत. दूधवाल्याने कळवलं." ते दम घ्यायला थांबले. "कागद नाही मावशी. आणि साहेब तेच आहेत, त्यांची चौकशी अजून चालूच आहे. नाही म्हणालात तरी मी समजेन."

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिची चप्पल पायाने तिच्याकडे सरकवली.

मास्तरांच्या दाराशी नवे साहेब उभे होते, त्यांच्या मागे तीन शिपाई, आणि खाली रस्त्यावर अॅम्ब्युलन्स. ती या वेळी मावशीने पाहून घेतली. तिने पुडीची डबी काढली, डोळे मिटले, हात चालू केला. किती सेकंद लागले ते तिला आजही सांगता येत नाही, कारण मनगटावरचं घड्याळ तिने येताना दुकानातच काढून ठेवलं होतं.

दार उघडलं. नव्या साहेबांचा पाय उचलला, उंबऱ्यापर्यंत आला, आणि तिथेच थांबला. मावशीने हात आडवा केलेला नव्हता. तिने फक्त त्यांच्याकडे पाहिलं होतं. साहेब एक पाऊल मागे सरले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली.

मावशी आत गेली. स्वयंपाकघर रिकामं. खोली रिकामी. न्हाणीघराच्या दाराशी मास्तर जमिनीवर पडलेले होते, एक हात बादलीच्या कडेला. मावशीने गुडघे टेकले, त्यांच्या नाकाशी बोटं धरली. श्वास होता. बारीक, पण होता.

बाहेर जिन्यात साहेब, हवालदार आणि तीन शिपाई उंबऱ्याच्या अलीकडे ओळीने उभे होते. कुणाचाही पाय पुढे आला नव्हता. वरच्या मजल्यावरचे शेजारी कठड्यावरून वाकून ते बघत होते.

"माणूस आहे!" मावशी आतून ओरडली. "आता या!"

आणि मग ते सगळे धावत आत आले.